पूर्णेचे डोळेमिटे

गप्प बसणाऱ्या माणसांचे किस्से कसे होतील, असं कुणालाही वाटेल. भांडणाऱ्यांचे होतात, पिणाऱ्यांचे होतात, निवडणुकीला उभं राहून पडलेल्यांचे तर पोत्यानं होतात. पण सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एका जागी बसणाऱ्या चौघांचं काय सांगणार? तरी पूर्णा सोडून इतकी वर्षं झाली, कुणी जुना रेल्वेवाला भेटला, चहा आला, की गाडी तिथंच जाते. "तुमच्या त्या डोळेमिट्यांचा एखादा होऊ द्या," म्हणतात. एक सांगावा तर त्याला धरून दुसरा आठवतो. आणि खरं सांगू का, त्यातला एकही मला अजून नीट कळलेला नाही. कळला असता तर बहुधा विसरलो असतो.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मी, इंगळे, पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. नांदेडहून धानोरकर सर नावाचे एक रिटायर प्रोफेसर आले आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आमच्या क्लबच्या, हॉलमध्ये, कॅरमचं टेबल भिंतीला लावून, त्यांनी ध्यानाचा वर्ग घेतला. प्रत्येकाला कानात एक मंत्र द्यायचा. तो कुणाला सांगायचा नाही, मोठ्यानं म्हणायचा नाही. रोज दोन वेळा डोळे मिटून बसायचं आणि तो मनात सोडून द्यायचा.

"विहिरीत बादली सोडतो तसं," सर म्हणाले. "मंत्र म्हणजे दोर. बादली आपल्या वजनानं खाली जाते. पाण्याला लागली की दोर सैल पडतो. तिथं नुसतं भान उरतं. महिने जातील तसं ते खोल होत जाईल."

पहिल्या दिवशी हॉल भरलेला होता. दिवाळीपर्यंत चौघं उरलो. तारबाबू कुलकर्णी, इंजिन ड्रायव्हर वाघमारे, शाळेतल्या सुलोचनाबाई आणि मी. कॉलनीत आमचं नाव पडलं डोळेमिटे.

*

मंत्र घ्यायच्या दिवशीच घोटाळा झाला.

वाघमारे उंचापुरा माणूस. शेडमधून तसेच आलेले, हाताला तेल. आत जायच्या आधी दारातच थांबले आणि सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "सर, एक सांगा. हे कुठल्या देवाचं नाव हाय का? आमी बुद्धाचे. छप्पन सालापासून देवाबिवाचं सोडलंय. तसलं असंल तर मला चालणार न्हाई."

सर म्हणाले, "नाही हो. याला अर्थच नाही. नुसता आवाज आहे. अर्थ असता तर मन त्याला धरून बसलं असतं."

वाघमाऱ्यांचा चेहरा खुलला. "अर्थ न्हाई ना? मग द्या."

त्यांच्या मागे रांगेत कुलकर्णी उभे होते. सकाळी स्नान करून, सोवळ्यासारखं स्वच्छ धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आलेले. ते पुढं सरकेनात.

"अर्थ नाही?" ते हळूच मला म्हणाले. "इंगळे, मग मी नारळ कशाला आणलाय?"

वाघमारे आत गेले ते अर्थ नव्हता म्हणून, आणि कुलकर्णी परत चालले होते तेही अर्थ नव्हता म्हणून. शेवटी सरांनी नारळ ठेवून घेतला, तेव्हा कुलकर्णी आत गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आहे. थोडासा अर्थ वाटतोय." मग वाघमाऱ्यांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला नाही ना वाटत?"

वाघमारे म्हणाले, "न्हाई बा." पण त्या दिवशी घरी जाताना ते जरा काळजीत दिसले.

*

सुरुवातीचे महिने आम्हाला एकच कोडं होतं. हे ध्यान आहे की झोप?

संध्याकाळी हॉलमध्ये बसलो की थोड्या वेळानं कुलकर्णी घोरायला लागायचे. बारीक नाही, चांगलं दणदणीत. सुलोचनाबाईंना हसू यायचं आणि त्यांचा मंत्र जायचा. एका दिवशी त्यांनी सांगूनच टाकलं, "भाऊजी, तुम्ही झोपता हो."

"मी झोपलो नव्हतो," कुलकर्णी म्हणाले.

"मग घोरत होता ते?"

"घोरत होतो. पण मला माझं घोरणं ऐकू येत होतं. झोपलेल्या माणसाला येतं का?"

सर दोन-तीन महिन्यांनी एकदा यायचे, तोपर्यंत हा वाद चालला. माझं म्हणणं, कुलकर्णी खोटं बोलतायत. बाईंचं म्हणणं, खोटं नाही, पण त्यांना तसं स्वप्न पडत असेल. सर आले तेव्हा पहिला प्रश्न हाच घातला.

सरांनी चष्मा काढला, पुसला. "असं होतं," ते म्हणाले. "शरीर झोपतं, भान जागं राहतं. घोरणं ऐकणारा घोरत नव्हता, एवढं खरं."

कुलकर्णी असे बसले की जणू बढती मिळाली. आमच्या चौघांत आता तेच पुढे गेलेले ठरले. मी आणि बाई नुसते जागे होतो, त्याला काही किंमत उरली नाही.

सर चहा घ्यायला लागल्यावर वाघमारे म्हणाले, "सर, ऐकणारा घोरत नव्हता हे समजलं. पण मग घोरायलं कोण होतं?"

सरांनी बशी खाली ठेवली. तो चहा तसाच गार झाला.

*

तारबाबूंचा दुसरा किस्सा माझ्या डोळ्यांदेखत घडला.

तारऑफिसात तेव्हा कट्ट-कडकट्ट वाजणारी यंत्रं होती. एखाद्या स्टेशनला बोलवायचं तर त्याची ठरलेली छोटी खूण बोटानं वाजवायची, पलीकडून उत्तर येईपर्यंत वाजवत राहायची. कुलकर्ण्यांचा सगळा जन्म त्यात गेलेला. ऐकलेलं बोटात उतरायचं आणि बोटातलं कानात.

एका संध्याकाळी आम्ही बसलेलो असताना मिर्झा नावाचा नवा तारबाबू हॉलमध्ये आला. हैदराबादकडचा, नुकताच बदलून आलेला, अदबीचा. त्याला कुलकर्ण्यांकडून कपाटाची किल्ली हवी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून तो दाराजवळच्या बाकावर शांत बसून राहिला.

वेळ झाली, आम्ही डोळे उघडले. मिर्झा उठला, सलाम केला, आणि काळजीनं विचारलं, "कुलकर्णी साब, ये कौनसा इस्टेशन है? तुम कबसे बुला रहे, उधर से जवाबच नई आ रा."

कुलकर्ण्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोट अजून खुर्चीच्या दांडीवर टकटकत होतं.

त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, मोठ्यानं म्हटला नव्हता, नियम एकही मोडला नव्हता. तरी मंत्र बाहेर पडून मिर्झाच्या कानात गेला होता, आणि मिर्झाला तो काय आहे हेच माहीत नव्हतं. कुलकर्ण्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली. दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागले.

त्यांना मंत्र फुटला याचं दुःख झालं असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. आठ दिवसांनी पार्सल ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "इंगळे, तो पोरगा बरोबर बोलला. मी किती दिवस बोलावतोय. उत्तर यायला पाहिजे का हो? सरांनी तसं काही सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "मला तरी आठवत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "पण आता वाट बघणं लागलंय. आधी ते नव्हतं."

*

आता माझं ऐका.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मला जाणवलं की माझा मंत्र झिजायलाय. साबणाची वडी झिजते तसा. आधी त्याचा शेवट गेला, मग मधलं अक्षर बदललं. सर म्हणायचे, मंत्र बारीक होतो ते चांगलं, भान खोल जातंय. पण बारीक होणं वेगळं आणि दुसरंच काही होणं वेगळं. एका सकाळी मी बसलो आणि घाम फुटला. सरांनी दिलेला मूळ शब्द कुठला? आज म्हणतोय तो, की गेल्या महिन्यातला? विचारणार कुणाला? सरांना विचारायचं तर "दिलेला मंत्र हरवला" म्हणायची लाज. दुसऱ्यांना तर सांगायचीच बंदी.

चार दिवस मी अस्वस्थ. साहेबांनी सांगितलेलं पार्सल भलत्याच गाडीत चढवायला निघालो होतो, हमालानं अडवलं म्हणून बरं.

त्या रविवारी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आत मंगल, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती आणि थापण्याच्या तालावर गुणगुणत होती. मी कान दिला आणि पेपर खाली पडला. ती माझा मंत्र म्हणत होती.

धावत आत गेलो. "हे कुठं ऐकलंस?"

"काय?"

"आत्ता म्हणत होतीस ते."

"ते होय?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमीच झोपेत म्हणता की. वर्ष झालं ऐकायलेय."

मला रडू यावं की हसू, कळेना. पण एक आशा वाटली. वर्षभरापूर्वीचा तरी हिच्याकडं असेल. मी म्हटलं, "पुन्हा म्हण बघू. हळू."

तिनं म्हटलं. तो गेल्या महिन्यातला नव्हता, आताचाही नव्हता. तिसराच होता.

"मंगल, नीट आठव. मी असंच म्हणतो?"

"तुमी कसं म्हणता ते मला काय ठाऊक. मला असं जमतं." तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. ती तिनं बोटांनी फिरवली. "पण चांगलंय हां. हे म्हणलं की एकबी फाटत न्हाई."

त्यानंतर मी जो जिभेवर येईल तो घेऊन बसायला लागलो. बादली खाली जायची. दोर कुठला होता ते मात्र मी पुन्हा कधी बघितलं नाही.

*

चौऱ्याहत्तरचा रेल्वेचा संप झाला, तेव्हा पूर्णा जशी शांत झाली तशी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

आमचा हॉल यार्डाला लागून. ध्यानाला बसलो की बाहेर शंटिंग चालू, डबे एकमेकांवर आदळायचे, इंजिनं वाफ सोडायची, शिट्ट्या. आम्ही नेहमी तक्रार करायचो. बाई म्हणायच्या, "जरा शांत जागा मिळाली असती तर कुठच्या कुठे गेलो असतो."

संपात सगळं बंद पडलं. शेडमधली इंजिनं गार होऊन उभी. यार्डात चिमण्या ऐकू यायच्या. कॉलनीत पोलीस येऊन जायचे, घराघरात काळजी. वाघमारे युनियनमध्ये, म्हणून ते सासरवाडीला जाऊन राहिलेले. नोकरी राहते की जाते, कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही तिघं तरी संध्याकाळी नेमानं बसायचो. आणि काही केल्या कुणाचं लागेना. मन माशीसारखं इकडून तिकडं.

"या शांततेत शांत काही वाटत नाही हो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

संप मिटला. मी कामावर हजर झालो. पार्सल ऑफिसात आंब्याची करंडी हातात, समोर पावती घेऊन गिऱ्हाईक उभं, आणि यार्डात पहिल्या इंजिनानं शिट्टी दिली. माझे डोळे आपोआप मिटले आणि मी सरळ खाली गेलो. इतकं खोल मी हॉलमध्ये कधी गेलो नव्हतो.

"बाबूजी," गिऱ्हाईक म्हणालं, "आंबे माझेच हायेत ना?"

वाघमाऱ्यांना कामावर घेतील की नाही याची धाकधूक होती. घेतलं. पहिली ड्यूटी करून ते हॉलवर आले, तेव्हा मी त्यांना माझी गंमत सांगितली. ते हसले नाहीत.

"माजंबी तसंच झालं," ते म्हणाले. "सासरवाडीला रोज बसायलो. झाडाखाली, विहिरीजवळ, देवळामागं. काईच न्हाई. आज इंजिनवर चढलो, हात लावला अन् लागलं. डोळे उघडेच होते. आता हे ध्यान हाय का नोकरी वाचली त्याचा आनंद हाय, ते मला उमजना."

"सरांना विचारू," मी म्हटलं.

"नका विचारू," वाघमारे म्हणाले. "ते काईतरी सांगतील."

*

वाघमाऱ्यांचा असा एक किस्सा त्यांनी स्वतः सांगितला म्हणून आम्हाला कळला.

बुद्ध पौर्णिमेला ते घरच्यांबरोबर विहारात गेले. वंदना सुरू झाली. बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. सगळ्यांबरोबर हेही म्हणायला लागले. म्हणता म्हणता कधी आत गेले ते त्यांना समजलं नाही.

वंदना संपली. लोक उठणार, तर वाघमारे पुढच्या ओळीत तसेच, हात जोडलेले, डोळे मिटलेले. वयानं मोठा माणूस, वस्तीत मान. त्यांच्या आधी उठायचं कसं, म्हणून मागचे बसून राहिले. त्यांचं बघून बाया बसल्या. मागं खिरीचं पातेलं गार व्हायलं. लहान लेकरं कुरकुरायला लागली.

शेवटी वस्तीतले एक म्हातारे वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "वाघमारे, सरण तिनंच हायेत. तुमचं चौथं कुठलं चालू हाय?"

सगळं विहार हसलं. वाघमारेही हसले. पण आम्हाला सांगताना ते गोंधळलेले होते.

"मी सरांचा मंत्र म्हणलोच न्हाई," ते म्हणाले. "आईशप्पत न्हाई. आपली वंदनाच म्हणत होतो. तरी त्याच जागी गेलो. तीच जागा, मी वळखतो की आता. मग सरांनी दिलं ते काय? अन् ती जागा आमची का त्यांची?"

कुलकर्णी म्हणाले, "माझ्या आईला जपमाळ ओढताना असंच व्हायचं, असं वाटतं."

"म्हंजे सगळ्यांची एकच?"

"आता ते मी कसं सांगू? मी काय बघायला आलो होतो का?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. रोज एका खोलीत शेजारी शेजारी डोळे मिटून बसणारी ही माणसं. त्या जागी आपण एकमेकांना कधी भेटलो नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या ध्यानात आलं.

*

सुलोचनाबाईंचं सांगितलं की लोक गप्प होतात, तरी सांगतो.

त्या चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. पूर्वी तापट. ध्यानाला लागल्यापासून राग उतरत गेला, इतका की वर्गातल्या लेकरांनाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. एका मुलीनं हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, "बाई आजारी हायेत का? आमाला रागवत न्हाईत." बाईंनी हे आम्हाला हसत सांगितलं होतं. सरही खूश झाले होते. "भान खोल झालं की लाटा वरच राहतात," म्हणाले.

त्याच वर्षी बाईंचे वडील वारले. पेडगावला राहायचे, तिथल्याच शाळेत मास्तर होते. बाईंना आई नव्हती, वडिलांनीच वाढवलेलं. आम्ही तिघं गाडीनं पेडगावला गेलो. बाई घरात शांत बसलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारत होत्या, कुणाला कुठं बसवायचं ते बघत होत्या. डोळ्यांत टिपूस नाही. बाया कुजबुजत होत्या. एक चुलती आम्हाला ऐकू येईल अशी म्हणाली, "शिकून शिकून दगड झाली."

परत आल्यावर बाई हॉलमध्ये आल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला खरंच काही झालं नाही हो. आत जाऊन बघितलं, तर तिथं सगळं जिथल्या तिथं. आप्पा गेले आणि मला काही झालं नाही. हे खोल जाणं आहे, की मी रिकामी झाले?"

पुढच्या वेळी सर आले तेव्हा त्यांनाही हेच विचारलं. सर म्हणाले, "सगळ्यांचं सारखं नसतं," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना याहून जास्त काही येत नव्हतं, आणि येत असल्याचं त्यांनी दाखवलं नाही, हे मला आवडलं.

पावसाळा संपून शाळा रुळावर आलेली. बाई वर्गात पाढे म्हणवून घेत होत्या. लेकरं एका सुरात, डोलत डोलत, ओरडून म्हणायलेली. म्हणता म्हणता पहिली ओळ थांबली, मग दुसरी, मग सगळा वर्ग. बाई खुर्चीत बसून रडत होत्या. पदर तोंडाला लावलेला, पण आवाज आवरत नव्हता.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "थांबू नका. तेराचा घ्या."

लेकरांनी घाबरत घाबरत तेराचा पाढा घेतला आणि बाई तो संपेपर्यंत रडल्या. पाढे त्यांना आप्पांनी शिकवलेले.

आम्हाला सांगताना त्या म्हणाल्या, "वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो ना, तसं काहीतरी झालंय माझं. पूर्वी दोन्ही एकदम यायचं. आता पोचायला वेळ लागायलाय. हे चांगलं का वाईट?"

कुलकर्ण्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे बाईंनाही कळलं नाही आणि मलाही. ध्यान मात्र बाईंनी सोडलं नाही. त्या दिवशी आम्ही जरा जास्त वेळ बसलो.

*

आता शेवटचा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सरांचं येणं कमी झालेलं. बऱ्याच दिवसांनी ते येणार म्हणून कळलं तेव्हा आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. नांदेडकडून येणारी पॅसेंजर पूर्णेच्या आधीच्या चुडावा स्टेशनात क्रॉसिंगला थांबून राहिली होती, म्हणून उशीर झाला. सर उतरले. वाळले होते. मला बघून म्हणाले, "काय कुलकर्णी, बरं आहे ना?" मी हो म्हटलं. खऱ्या कुलकर्ण्यांनी माझ्याकडं पाहिलं.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. सरांनी नेहमीसारखं सांगितलं, "मिटा डोळे." आम्ही मिटले. वेळ झाली की सर म्हणायचे, "हळूहळू डोळे उघडा." त्या दिवशी ते शब्द येईनात. आधी मला वाटलं, मीच लवकर वर आलोय. वाट बघितली. मग डोळे किलकिले केले, तर बाकीच्यांनीही केलेले.

सर डोळे उघडे ठेवून आमच्याकडं बघत होते. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट.

"मला माझा मंत्र सापडत नाही," ते म्हणाले.

कुलकर्ण्यांनी मांडीखाली दाबलेले हात बाहेर काढले.

"दोन महिने झाले. नावं जातात माझी हल्ली, डॉक्टरांनी सांगितलंय. नावं जाऊ देत. पण हा तीस-चाळीस वर्षं रोज होता." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "माझ्या गुरूंनी दिलेलाच मी तुमच्यापैकी कुणाला तरी दिला होता. इतकं आठवतं. कुणाला, ते आठवत नाही. मीच सांगू नका म्हटलं होतं. आता मीच मागतोय. सांगाल का?"

सुलोचनाबाई अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. मी तर काय सांगणार होतो? आणि आपल्याकडचा तो नसलाच, तर? नियमही मोडला आणि म्हाताऱ्या माणसाला भलतंच काही दिलं, असं झालं तर?

वाघमारे उठले. सरांच्या खुर्चीपाशी गेले, खाली गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

सरांनी ऐकलं. "पुन्हा," म्हणाले.

वाघमाऱ्यांनी पुन्हा सांगितला.

सरांनी डोळे मिटले. आम्ही बघत होतो. कपाळावरची आठी आधी गेली, मग खांदे खाली आले, मग घट्ट धरलेली बोटं सुटली. श्वास इतका बारीक झाला की बाई घाबरून पुढं वाकल्या. आम्हीही डोळे मिटले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये जे होतं ते मी पुन्हा कुठं अनुभवलं नाही. बाहेर शंटिंग चाललं होतं की नव्हतं, तेही मला सांगता येणार नाही.

"हळूहळू डोळे उघडा," सर म्हणाले. आवाज पहिल्या वर्षीचा होता. "हाच," ते वाघमाऱ्यांना म्हणाले. "हाच होता."

संध्याकाळच्या गाडीनं ते परत निघाले. खिडकीतून त्यांनी आम्हा चौघांनाही नावानं हाक मारली, आणि सगळी नावं बरोबर होती.

गाडी गेली. आम्ही स्टेशनाबाहेर आलो. कुलकर्ण्यांना राहवेना.

"वाघमारे," ते म्हणाले, "चांगलं केलंत. पण तुमचा मंत्र आता फुटला हो. परत घेता येत नाही."

"माजा कुठं सांगितला मी?" वाघमारे सायकलचं कुलूप काढत होते. "माजा मला कवाचा आठवत न्हाई."

आम्ही तिघं उभेच राहिलो.

"मग त्यांच्या कानात काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"चुडावा," वाघमारे म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून शेडकडं निघून गेले.